हजेरीपटावर नसलेले रक्षक

बालाघाटच्या डोंगरावर वसलेल्या नारायणगडाला बीड जिल्ह्यातील भाविक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढी जवळ आली की नगद नारायण महाराजांच्या या गडावरून दिंडी पंढरपूरची वाट धरते. त्याच सुमाराला पहिल्या पावसाचे पाणी बिळांत शिरते आणि साप कोरडी जागा शोधत कडब्याच्या गंजीत, गोठ्यात, चुलीमागच्या सरपणात येऊन बसतात. रात्री घरात नाग निघाला तर वाडीवरचे लोक फोन लावतात तो बहुतेक वेळा पंचक्रोशीतल्या सर्पमित्राला, कारण वनरक्षकाकडे अनेक गावे असतात आणि तो पोहोचेपर्यंत कुणीतरी काठी उचललेली असते. सर्पमित्र मोटारसायकलवर येतो, साप पिशवीत घालतो, लोकांना धीर देतो आणि वस्तीपासून दूर नेऊन साप सोडतो. पेट्रोल त्याचे, जोखीमही त्याचीच. त्याचे नाव साऱ्या गावाला पाठ असते, पण कोणत्याही हजेरीपटावर ते लिहिलेले नसते. वन्यजीव वाचवणाऱ्या या माणसांनी आपली संघटना बांधावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. संघटनेचे फायदे मोजताना लोक मोर्चा, निवेदन आणि सत्कार यांचा विचार करतात. तिचा सर्वांत मोठा फायदा याहून साधा आहे आणि तो म्हणजे नोंद. कोण काम करतो, काय काम करतो, कसे करतो आणि ते करताना त्याचे काय होते, हे लिहून ठेवणारी जागा एकदा तयार झाली की विमा, शिस्त, ज्ञान आणि सरकारदरबारी वजन या गोष्टी तिच्या आधारानेच उभ्या राहतात.

बीडसारख्या जिल्ह्यात हा विषय उचलण्याचे कारण आहे. वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा आणि मेळघाट येतात. बीड मात्र राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम ३० चौरस किलोमीटर आहे. बाकीचे सगळे वन्यजीवन माळरानात, गायरानात, उसाच्या फडात आणि पडीक जमिनीत, म्हणजे माणसांच्या शेजारीच राहते. काळवीट, लांडगा, तरस, खोकड, मोर हे इथले रहिवासी कुंपणाच्या आत नाहीत, त्यामुळे त्यांना सांभाळण्याचे कामही कुंपणाबाहेरच्या माणसांवर येऊन पडते. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला कोल्हा वर काढणे, तारेत अडकलेले हरीण सोडवणे, मांजा गुंडाळलेल्या घुबडाचे पंख मोकळे करणे ही कामे गावोगावचे तरुण करतात. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’सारखे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे केंद्र उभे राहिले, तेही खाजगी धडपडीतूनच.

गेल्या काही वर्षांतल्या तीन घटना पाहिल्या तर हे काम किती अवघड झाले आहे ते कळते. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात लागोपाठ माणसे मेली. ज्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या बिबट्या पाहिला नव्हता, तिथे लोक दिवसासुद्धा रानात जायला धजावेनात. अखेर डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ गावात वानरे कुत्र्यांची पिल्ले पळवून उंचावर नेत असल्याची बातमी देशाबाहेरही पोहोचली. त्यात खरे किती आणि वाढवलेले किती हे जागेवर जाऊन तपासणारे प्रशिक्षित लोक हाताशी नव्हते, त्यामुळे अफवेला पाय फुटले. आणि २०२५ साली शिरूर कासार तालुक्यातले हरणांच्या शिकारीचे प्रकरण राज्यभर गाजले. आपल्या शेतात हरणे पकडण्यासाठी लावलेल्या जाळ्यांना विरोध केला म्हणून एका शेतकरी बापलेकाला मारहाण झाल्याचा आरोप त्यात होता. पहिल्या घटनेत धोका प्राण्याकडून होता, दुसऱ्या घटनेत अफवेकडून आणि तिसऱ्या घटनेत माणसाकडून. या तिन्हींसमोर एकटा माणूस कितीही धाडसी असला तरी अपुराच पडतो.

एकटेपणाची किंमत कायद्याच्या आणि पैशाच्या भाषेतही मोजता येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे केवळ जीव घेणे नव्हे, प्राणी पकडणेही त्यात येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण हे साप पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आले. संवर्धनाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण त्याचा एक अर्थ असाही होतो की वनखात्याला न कळवता, परवानगीशिवाय साप पकडणारा माणूस, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. पैशाची बाजूही तशीच कच्ची आहे. वाघ, बिबट्या, रानडुक्कर अशा प्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देते, मात्र त्या यादीत साप येत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे, पण ती शेतकरी कुटुंबासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही, घरातही कुणाच्या नावावर नाही, अशा भूमिहीन सर्पमित्राला दुसऱ्याच्या घरातला नाग पकडताना दंश झाला तर त्याच्या बायकापोरांनी कोणत्या खिडकीसमोर उभे राहायचे? जुलै २०२५ मध्ये राज्याच्या महसूलमंत्र्यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र, १० लाखांचा अपघात विमा आणि अत्यावश्यक सेवेचा दर्जा देण्याचा विषय पुढे आणला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ओळखपत्र द्यायचे तर आधी यादी हवी, आणि खरा सर्पमित्र कोण व हौशी कोण हे ठरवणारी कसोटी हवी. ती यादी आणि ती कसोटी मंत्रालयात बसून तयार होणार नाही. या कामातल्या लोकांनीच ती घडवली पाहिजे.

नोंदीतून हक्क कसा तयार होतो हे बीडच्या माणसाला परक्या देशातून शिकण्याची गरज नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या दिशेने निघतात. एकट्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, मुकादमाशी घासाघीस करता येत नाही, कारण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. तोडणीचा दर ठरतो तो संघटना आणि साखर संघ समोरासमोर बसतात तेव्हा. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ मान्य झाली ती याच वाटेने. या कामगारांचे हाल संपलेले नाहीत, पण दराचा आकडा तरी आज सामूहिक करारात लिहिला जातो. दुसरे उदाहरण माथाडींचे. पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाला कुणी मालक नव्हता, म्हणून कुणाची जबाबदारीही नव्हती. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यानंतर हमालाची नोंद मंडळाकडे होऊ लागली आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पगारी रजा हे शब्द त्याच्या आयुष्यात आले. सर्पमित्राचीही अवस्था हीच आहे. त्याला नेमणारे कुणी नाही, म्हणून त्याच्यासाठी उत्तर देणारेही कुणी नाही.

वन्यजीवांच्या क्षेत्रातच याचा सर्वांत बोलका पुरावा तामिळनाडूत आहे. इरुळा ही आदिवासी जमात साप पकडण्यात पिढीजात निष्णात. एके काळी सापाच्या कातड्याच्या व्यापारावर त्यांची चूल पेटत होती. १९७२ चा कायदा आला, पुढे कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि एका रात्रीत त्यांचे कसब गुन्हा ठरले. १९७८ मध्ये चेन्नईजवळ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था स्थापन झाली. संस्थेच्या सभासदांना वनखात्याच्या परवान्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप पकडता येऊ लागले. पकडलेला साप साधारण तीन-चार आठवडे ठेवला जातो, ठरावीक अंतराने त्याचे विष काढले जाते, पोटाच्या खवल्यावर खूण केली जाते आणि मग त्याला रानात सोडले जाते. खूण अशासाठी की तोच साप लगेच पुन्हा पकडला जाऊ नये. देशात सर्पदंशावरील प्रतिविष बनवण्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा हिस्सा या एका संस्थेकडून येत आला आहे. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या तिच्या दोन सभासदांना पद्मश्री मिळाली. माणसे तीच होती आणि हातातले कसबही तेच होते. बदलली ती चौकट. एकेकट्या इरुळाला सरकारने परवाना दिला असता असे मानायला जागा नाही. परवाना संस्थेला मिळाला, कारण संस्थेकडे नोंदवही होती आणि सभासदाने नियम मोडला तर त्याला जाब विचारण्याची सोय होती.

जगाच्या पातळीवरही हेच दिसते. जंगलांत गस्त घालणाऱ्या वनरक्षकांच्या तीन संघटना, दोन ब्रिटनमधल्या आणि एक अमेरिकेतली, ३१ जुलै १९९२ रोजी एकत्र आल्या आणि आंतरराष्ट्रीय रेंजर महासंघ स्थापन झाला. तोच ३१ जुलै २००७ पासून जागतिक वनरक्षक दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी कर्तव्यावर मरण पावलेल्या रक्षकांची नावे सांगितली जातात. मृतांची यादी करणे ही वरवर पाहता केवळ भावनेची बाब वाटते. पण यादी झाली की कारणे मोजता येतात: किती जण शिकाऱ्यांच्या गोळीने गेले, किती जण प्राण्यांच्या हल्ल्यात, किती जण वाहन अपघातात. कारणे मोजली की गणवेश, वायरलेस, प्रथमोपचार आणि विमा यांची मागणी भावनेवर विसंबून राहत नाही. महासंघाने २०१९ मध्ये नेपाळमधल्या चितवनला भरलेल्या जागतिक परिषदेत रक्षकांच्या सुरक्षिततेचा जाहीरनामा मांडला आणि २०२१ मध्ये रक्षकांसाठी आचारसंहिताही स्वीकारली. हक्कांपाठोपाठ कर्तव्येही लिहून काढणारी संघटनाच समाजाचा विश्वास मिळवते, हा यातला धडा आहे. आपल्याकडे २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात वाघांच्या खुणांची पाहणी करणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. ती सरकारी सेवेत होती, तिच्या नावाची नोंद होती, म्हणून तिच्या मरणाची चर्चा झाली आणि पाहणीच्या पद्धतीबद्दल प्रश्न विचारले गेले. बिगरसरकारी कार्यकर्ता मेला तर बातमी दोन दिवसांत शिळी होते.

नोंदीचा आणखी एक लाभ ज्ञानाचा, आणि तो केवळ कार्यकर्त्याला नाही, सर्वांनाच मिळतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. मरणारे बहुतेक ग्रामीण, शेतात राबणारे. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पण कोणत्या तालुक्यात कोणता साप, कोणत्या महिन्यात, घरात की शेतात सापडतो हे कळल्याशिवाय कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती बाटल्या ठेवायच्या हे ठरणार कसे? ही माहिती आज सर्पमित्रांच्या डोक्यात आणि मोबाइलमधल्या छायाचित्रांत विखुरलेली आहे. शंभर सर्पमित्रांनी वर्षभर एकाच नमुन्यात तारीख, गाव, जागा, सापाची जात आणि सुटकेचे ठिकाण लिहिले तर त्यातून जिल्ह्याचा सापांचा नकाशा तयार होईल. अशा सामूहिक नोंदींचे मोल महाराष्ट्राला नवीन नाही. १८८३ मध्ये मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हौशी लोकांच्या टिपणांवरच मोठी झाली. ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ ही संघटना वेगवेगळ्या गावी संमेलने भरवून शिक्षक, शेतकरी, डॉक्टर, विद्यार्थी यांची निरीक्षणे एकत्र आणते. पक्ष्यांसाठी जे जमले ते सापांसाठी आणि माळरानाच्या प्राण्यांसाठी का जमू नये?

यापुढचा लाभ शिस्तीचा, आणि आजच्या घडीला तो सर्वांत निकडीचा आहे. नागाचा फणा हातात धरून चित्रफीत काढायची, ती समाजमाध्यमांवर टाकायची आणि वाहवा मिळवायची, या नादाने अनेक तरुणांचा जीव गेला आहे. जुलै २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील गुना जिल्ह्यात एका सर्पमित्राने पकडलेला नाग गळ्यात घालून दुचाकीवरून प्रवास केला आणि दंशाने त्याचा मृत्यू झाला. असे प्रदर्शन माणसाला घातक आहे, सापाला छळणारे आहे आणि शांतपणे काम करणाऱ्या बाकीच्यांना बदनाम करणारे आहे. पोलिसांचा गुन्हा आणि वनखात्याची नोटीस हे उपाय घटना घडून गेल्यावरचे. आधी रोखणारी गोष्ट म्हणजे सोबत्यांचा धाक. आपल्या नियमात हे बसत नाही, पुन्हा केलेस तर नाव कमी होईल, हे सांगायला कुणीतरी हवे. नावच कुठे नसेल तर कमी काय करणार?

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप भावनेतून येतो: हे काम सेवा आहे, त्याला पेशाचे रूप दिले की त्यातले पावित्र्य जाईल. सेवेचा हा आदर मला मान्य आहे. पण सेवा आणि सुव्यवस्था यांचे वैर आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही. वारी हे भक्तीचे सर्वांत उत्कट रूप, आणि तिथे सगळे काही नेमलेले असते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला शिस्त घालून दिली. रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, वीणा कुणाकडे, मुक्काम कुठे, हे सारे ठरलेले असते. त्या शिस्तीमुळे भक्ती कमी झाली नाही, उलट ती दोन शतके टिकली. सर्पमित्राने विमा घेतला, हातमोजे आणि चिमटा वापरला, नोंदवही ठेवली म्हणून त्याची करुणा उणी होत नाही. ती उद्याही काम करू शकेल एवढीच सोय होते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. आपल्याकडच्या संघटना पदांच्या भांडणात फुटतात, एखाद्या पुढाऱ्याच्या फलकावर जाऊन चिकटतात आणि एका तालुक्यात तीन-तीन ‘जिल्हाध्यक्ष’ तयार होतात. हे घडते, वारंवार घडते. यावर उपाय संघटना न करणे हा नाही, ती लहान आणि उघडी ठेवणे हा आहे. अध्यक्षाला ठरावीक मुदत, दर वर्षी हिशेबाची तपासणी, सभासदांची यादी ग्रामपंचायतीत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात सर्वांना पाहता येईल अशी, आणि कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर संघटनेचे नाव न वापरण्याचा नियम एवढी पथ्ये पाळली तरी बरेच दोष टळतात. तिसरा आक्षेप असा की व्हॉट्सॲपचे गट आहेतच, मग वेगळी संघटना कशाला? गटावर निरोप जातो आणि मदत लवकर पोहोचते, हे खरेच. पण गटाला बँकेत खाते उघडता येत नाही, वनखात्याशी लेखी करार करता येत नाही, सामूहिक विमा काढता येत नाही, आणि गट चालवणाऱ्याचा मोबाइल हरवला की पाच वर्षांची माहिती हरवते.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. स्वयंसेवकांची संघटना मजबूत झाली की सरकार आपली जबाबदारी तिच्यावर ढकलेल, वनरक्षकांच्या जागा रिकाम्या राहतील आणि फुकटच्या हातांवर काम भागवले जाईल. ही भीती रास्त आहे. परंतु आज नेमके हेच घडत आहे, आणि ते घडत आहे कारण फुकटच्या हातांची कुणी मोजदादच करत नाही. एका वर्षात वनखात्याऐवजी आपण किती वेळा धावून गेलो हे आकड्यात सांगता आले, तरच रिक्त जागा भरण्याची, बचाव वाहनाची आणि तालुक्याला एका पशुवैद्यकाची मागणी ठामपणे मांडता येईल. संघटनेने खात्याची जागा घ्यायची नाही, खात्यासमोर हिशेब ठेवायचा आहे. कायद्यानेही नागरिकाला वाव दिला आहे: वन्यजीव गुन्ह्याबद्दल ६० दिवसांची पूर्वसूचना देऊन कोणतीही व्यक्ती थेट न्यायालयात तक्रार करू शकते. शिकाऱ्यांच्या दहशतीपुढे असे पाऊल एकटा उचलणार नाही. त्याच्यामागे शंभर सह्या असतील तर उचलेल. संघटना झाली म्हणजे साप चावायचे थांबणार नाहीत आणि अनुदानही आपोआप मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. इरुळांच्या संस्थेलासुद्धा सरकारी परवान्यांची वाट पाहावी लागते.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली सात माणसे पुरेशी असतात आणि पुढची कागदपत्रे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. केंद्राच्या सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, आणि दवाखान्याची कागदपत्रे नीट असतील तर सर्पदंशाचा मृत्यूही त्यात धरला जातो. प्रत्येक सभासदाचा हा हप्ता भरला आहे की नाही एवढे पाहणे हेच पहिल्या वर्षाचे काम ठरवले तरी एखादे घर उघडे पडण्यापासून वाचेल. दुसऱ्या वर्षी नोंदीचा एकच नमुना, तिसऱ्या वर्षी जिल्हा रुग्णालय आणि वनखात्यासोबत प्रशिक्षण. ज्यांनी एका फोनवर रात्री-अपरात्री धावायची सवय लावून घेतली आहे, त्यांना एवढे जड नाही.

माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ क्षणात थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवत राहते. मग तिला विचारले जाते, तिचे म्हणणे ऐकले जाते. इतक्या मोठ्या समुदायात तिचा आवाज ऐकू येतो, कारण सोहळ्यात तिची जागा ठरलेली आहे आणि ती कुणाची दिंडी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. नारायणगडाच्या परिसरातला सर्पमित्रही वर्षानुवर्षे टाळ वाजवतो आहे. तो अजून कोणत्याच दिंडीत नाही, म्हणून चोपदार त्याच्याकडे वळत नाही.